वादकांच्या रांगेतून चौथऱ्यावर

कंडक्टर हा शब्द मुंबईकरांस नवा नाही. ट्रामगाड्या १९६४ साली बंद झाल्या, तरी बसगाडीत तिकिटे देणारा कंडक्टर आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. परंतु ह्याच नावाचा दुसरा एक अधिकारी पाश्चात्य संगीताच्या सभागृहांतून आढळतो. हातात पातळशी काठी घेऊन तो सत्तर-ऐंशी वादकांसमोर चौथऱ्यावर उभा राहतो, स्वतः एकही स्वर वाजवीत नाही, आणि तरीही कार्यक्रम संपताच टाळ्यांचा पहिला मान त्यासच मिळतो. हा गृहस्थ नेमके करतो तरी काय, अशी शंका बैठकीच्या गायनावर वाढलेल्या आमच्या श्रोत्यांस आली तर त्यात नवल नाही. प्रस्तुत लेखात ह्या शंकेचे यथाशक्ति निरसन करावे, आणि त्या निमित्ताने एका तरुण कलावंताचा जीवनक्रम वाचकांपुढे ठेवून त्यातून आमच्या घरांस काही घेण्यासारखे आहे काय, ह्याचा विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

हा कलावंत म्हणजे श्री. अल्पेश चौहान. त्यांचा जन्म १९९० साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी एका भारतीय वंशाच्या कुटुंबात झाला. २०२३ साली ते मुंबईस आले आणि नरिमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ह्या संस्थेत, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ह्या वाद्यवृंदाचे संचालन त्यांनी केले. त्या वेळी उस्ताद झाकीर हुसेन ह्यांची तबला, सतार व बासरी ह्या तीन वाद्यांसाठी आणि पूर्ण वाद्यवृंदासाठी योजिलेली नवी रचना प्रथमच सादर झाली. तबल्यावर स्वतः झाकीर हुसेन, सतारीवर नीलाद्री कुमार, बासरीवर राकेश चौरसिया, आणि ह्या तिघां कसलेल्या कलावंतांस व त्यांच्यामागील वाद्यसमूहास एका सूत्रात गोवणारा हा तेहतीस वर्षांचा तरुण! पुढे डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन निवर्तले. त्यामुळे त्या प्रसंगाची आठवण आता अधिकच मोलाची झाली आहे.

आता मूळ शंकेकडे वळू. आपल्या मैफलीत गवई स्वतःच मैफलीचा धनी असतो. तबलजी व पेटीवाला त्याच्या मुद्रेकडे पाहून चालतात. समेवर मान हलली की सर्वांस उमगते. चार-पाच माणसांच्या मेळात हे सहज साधते. परंतु ऐंशी माणसे रंगमंचावर पसरून बसली म्हणजे एका टोकाच्या वादकाचा स्वर वीस मीटरांवरील दुसऱ्या टोकास पोहोचण्यासच सेकंदाचा सुमारे सतरावा हिस्सा लागतो. द्रुत लयीत एवढा विलंबही ठोका घसरविण्यास पुरेसा आहे. म्हणून कानावर विसंबून चालत नाही, सर्वांचे डोळे एका ठिकाणी लागावे लागतात. ते ठिकाण म्हणजे संचालकाची काठी. उजव्या हाताने तो लय दाखवितो. डाव्या हाताने कोणी पुढे यावे, कोणी आवाज आवरावा, कोणी आता आपला प्रवेश करावा, हे सुचवितो. प्रत्येक वादकासमोर केवळ त्याच्या वाद्याच्या ओळी असतात. संचालकापुढील मोठ्या पुस्तकात मात्र बासरीपासून नगाऱ्यापर्यंत आणि व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत सर्वांच्या ओळी एकाखाली एक, कधी वीस तर कधी पंचवीस, छापलेल्या असतात. त्या सर्व एकाच दृष्टिक्षेपात वाचून, मनातल्या मनात आधी ऐकून, प्रत्यक्ष स्वर उमटण्यापूर्वी इशारा द्यावयाचा, हे त्याचे काम. आणि खरे काम तर प्रयोगाच्या रात्री नव्हे, आधीच्या तालमींत झालेले असते.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस हे पद समजावयास कठीण जाऊ नये. घराचा कर्ता पुरुष चुलीपाशी बसत नाही, पाणी भरीत नाही, मुलांचे धडे घेत नाही. पण ह्या सर्वांची वेळ व मेळ त्याच्या मनात असतो आणि तो चुकला तर सारे घर चुकते. मात्र केवळ वयाने वा नात्याने कर्तेपण मिळालेला पुरुष आणि एकेकाळी स्वतः पंगतीत वाढलेला, भाजीपाला आणलेला, आजाऱ्याची रात्र काढलेला कर्ता, ह्यांत जो फरक आहे तो घरातील प्रत्येकास कळतो. वाद्यवृंदाचेही तसेच आहे. जो स्वतः वादकांच्या रांगेत बसून वाजवीत आला आहे, त्याच्या काठीस वादक एक निराळाच मान देतात.

श्री. चौहान ह्यांनी ज्या रांगेत उमेदवारी केली ती चेलोवाल्यांची. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातील, पण आकाराने बरेच मोठे वाद्य. वादक खुर्चीवर बसून ते दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरतो. वाद्याच्या तळाची लोखंडी कांडी जमिनीवर टेकलेली असते. तारा चार, पडदे नाहीत, उजव्या हातात सारंगीसारखाच गज. पुरुषाच्या भरदार खर्जापासून स्त्रीच्या गळ्यापर्यंत त्याचा पल्ला जातो, म्हणून मनुष्याच्या आवाजास हे वाद्य फार जवळचे मानतात. वाद्यवृंदात चेलोचे स्थान मध्यावरचे असते. कधी त्याने डबल बासबरोबर पाया धरावयाचा, कधी मधल्या स्वरांचा भराव करावयाचा, तर कधी मुख्य चाल स्वतःच्या खांद्यावर घ्यावयाची. ह्यामुळे चेलोवादकाच्या कानास खालचे व वरचे दोन्ही ऐकण्याची सवय लागते. संचालकास जी विद्या लागते तिचा अर्धा अभ्यास ह्या खुर्चीवरच होतो, असे म्हटले तर अतिशयोक्ति होणार नाही.

इतिहासही ह्यास साक्ष देतो. इटलीतील पार्मा शहरी १८६७ साली जन्मलेले आर्तुरो तोस्कानिनी हे मूळचे चेलोवादक. १८८६ साली एक इटालियन संगीत-नाटक मंडळी ब्राझीलमधील रिओ येथे गेली असता तिच्या संचालकाचे बिनसले, प्रेक्षक खवळले, आणि ऐन वेळी एकोणीस वर्षांच्या तोस्कानिनींस चेलो खाली ठेवून चौथऱ्यावर चढावे लागले. त्यांनी व्हेर्दीचे 'आयदा' हे संपूर्ण नाटक पुस्तक न पाहता, केवळ स्मरणाने चालविले. एवढे यश मिळाल्यावर दुसरा कोणी वादकाच्या खुर्चीकडे पुन्हा वळला नसता. परंतु पुढच्याच वर्षी मिलान येथे व्हेर्दीच्या 'ओतेल्लो'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तोस्कानिनी पुन्हा चेलो घेऊन रांगेत बसले. स्वतः रचनाकाराच्या देखरेखीखाली ते नाटक कसे उभे राहते, हे त्यांस आतून पाहावयाचे होते. लंडनचे जॉन बार्बिरोली ह्यांनीही आरंभ चेलोनेच केला. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदाचे संचालन त्यांनी १९४३ पासून अनेक वर्षे केले. हा मार्ग पुरुषांचाच आहे असेही नाही. कोरियाच्या हान-ना चांग ह्यांनी १९९४ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, रोस्त्रोपोविच ह्यांच्या नावाची चेलोस्पर्धा जिंकली, आणि २०१७ साली त्या नॉर्वेतील त्रोनहाइमच्या वाद्यवृंदाच्या प्रमुख संचालिका झाल्या. फिनलंडचे क्लाउस मेकेला हे तर १९९६ साली जन्मलेले. चेलो वाजवीत वाजवीत वयाच्या तिशीपूर्वीच ते ओस्लो व पॅरिस येथील वाद्यवृंदांचे प्रमुख झाले.

बार्बिरोलींच्या नावाशी मुंबईचा एक धागा जुळलेला आहे. मुंबईचे पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता ह्यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला. त्या काळी वॉल्टर कॉफमन हे मध्य युरोपातून आलेले संगीतकार व एडिजिओ व्हेर्गा हे चेलोवादक मुंबईत होते. मेहली मेहतांसह त्यांच्या छोट्या बैठकी होत असत. आकाशवाणीची जी सुपरिचित परिचय-धून आमच्या घराघरांत सकाळ उजाडवीत असे, ती ह्याच कॉफमन ह्यांची मानली जाते. पुढे १९५५ च्या सुमारास मेहली मेहता इंग्लंडास गेले व मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात बार्बिरोलींच्या हाताखाली व्हायोलिन वाजवू लागले. त्यांचे चिरंजीव झुबीन मेहता ह्यांचा जन्म १९३६ चा. सेंट झेवियर्स महाविद्यालयात डॉक्टरकीच्या वाटेस लागलेला हा मुलगा १९५४ साली ती वाट सोडून व्हिएन्नास गेला. तेथे तो डबल बास शिकला. मोठमोठ्या संचालकांच्या तालमी जवळून पाहावयास मिळाव्यात म्हणून समूहगायकांतही दाखल झाला. रांगेतून चौथऱ्यावर जाण्याचाच हा दुसरा दाखला. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क व इस्रायल येथील वाद्यवृंदांचे नेतृत्व त्यांनी कित्येक वर्षे केले.

परंतु झुबीन मेहतांचे उदाहरण ऐकून आमची पांढरपेशी मंडळी एक निश्वास टाकून मोकळी होतात: "त्यांचे काय, बापच वाद्यवृंदाचा धनी! मुलगा पाळण्यातच शिकला." ह्यात तथ्य आहे. ती घराण्याची वाट आहे, आणि आमच्या गायकीतही थोर घराणी अशाच रीतीने चालत आली. श्री. चौहान ह्यांचे उदाहरण आम्ही मुद्दाम पुढे करतो ते ह्याचसाठी की, त्यांच्या घरी ह्या संगीताची कोणतीही परंपरा नव्हती. बर्मिंगहॅम हे आमच्या परळ-लालबागसारखेच कारखान्यांवर पोसलेले, कष्टकऱ्यांचे शहर. तेथील प्राथमिक शाळेत असताना ह्या मुलाच्या हाती चेलो आला. तो घराण्याने दिला नाही, शाळेने दिला. पुढे शहराच्या मुख्य वाद्यवृंदाशी जोडलेल्या तरुणांच्या वाद्यवृंदात त्यास खुर्ची मिळाली. मग मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक ह्या विद्यालयात एदुआर्दो व्हासाल्यो ह्यांच्यापाशी त्यांनी चेलोचे पूर्ण शिक्षण घेतले, आणि तेथेच संचालनाचा उच्च अभ्यासक्रमही केला.

२०१४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते बर्मिंगहॅमच्या त्या मुख्य वाद्यवृंदाचे साहाय्यक संचालक झाले. ह्या ठिकाणी गुरुशिष्यपरंपरा जाणणाऱ्या वाचकांनी क्षणभर थांबावे. त्याच वाद्यवृंदात चेलोवादकांचे प्रमुख कोण होते? त्यांचे गुरू व्हासाल्यो! ज्यांनी बोटे कोठे ठेवावीत, गज किती दाबावा हे शिकविले, त्यांच्यासमोरच शिष्याने काठी उचलावयाची आणि गुरूने तिच्या इशाऱ्याने वाजवावयाचे. आमच्याकडे शिष्य गाऊ लागला म्हणजे गुरू मागे तंबोऱ्यावर बसले, अशी उदाहरणे विरळा आढळतात आणि ती मोठ्या कौतुकाने सांगितली जातात. तेथे वाद्यवृंदाच्या शिस्तीत हे रोजच्या कामाचा भाग म्हणून घडून येते. त्यात गुरूचा अधिकार उणावत नाही. उलट त्याचे शिकविणे पूर्णत्वास गेले, असेच मानतात.

२०१७ ते २०२० ह्या काळात श्री. चौहान पार्मा येथील तोस्कानिनींच्या नावाने चालणाऱ्या वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते. एका चेलोवादकाच्या जन्मगावी, त्याच्याच नावाच्या वाद्यसमूहापुढे, दुसरा चेलोवादक उभा राहिला. २०२० साली ते बर्मिंगहॅम ऑपेरा कंपनी ह्या संगीत-नाटक संस्थेचे संगीत-संचालक झाले. ही संस्था राजवाड्यासारख्या नाट्यगृहात खेळ करीत नाही. रिकामे कारखाने, गोदामे, जुनी नृत्यगृहे ह्यांत प्रयोग लावते, आणि व्यावसायिक गायकांच्या जोडीस शहरातील सामान्य रहिवाशांस, हौसेने येणाऱ्या शेकडो माणसांस, गाण्यास व अभिनयास उभे करते. १९८२ च्या संपानंतर ओस पडलेल्या गिरण्यांच्या आवारांत आज काय काय उभे राहिले हे परळ-लालबागचे रहिवासी रोज पाहतात. त्यांस ह्या कल्पनेचे मोल निराळे सांगावयास नको. २०२२ च्या आरंभी ब्रिटिश सरकारने श्री. चौहान ह्यांस कलासेवेबद्दल ओ. बी. ई. ही पदवी दिली.

आता आमच्या शहराकडे पाहू. मुंबईत वादकांची वाण कधीच नव्हती. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांतून गोव्याच्या शेकडो वादकांनी व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजविले. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून लहानपणीच स्वरलिपी वाचावयास शिकल्यामुळे ते कोणताही कागद समोर येताच वाजवू शकत. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच आली. मराठी मंडळींत अनिल मोहिले ह्यांच्यासारखे व्हायोलिनवादक ह्याच रांगेतून वर येऊन संगीत-संयोजक व संचालक झाले. लालबाग-परळच्या गणेशोत्सवात तर प्रत्येक ढोलपथकापुढे एक जाणता ताशेवाला असतो. तो स्वतः वाजवितो आणि मागच्या ढोलांस डोळ्यांनी व काठीच्या खुणेने चालवितो. वादक आणि संचालक एकाच देहात नांदतात, ही गोष्ट आमच्या रस्त्यावरही घडतेच. म्हणजे गुणांची टंचाई नाही. टंचाई आहे ती शाळेतून सभागृहापर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांची.

ह्या पायऱ्या बांधण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नव्हे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले व १९०८ साली ते कार्य मुंबईस आणले. घराण्याच्या कुलुपात असलेली विद्या सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींस खुली केली. त्यांचे शिष्य प्रा. बा. र. देवधर ह्यांनी १९२५ च्या सुमारास गिरगावात ऑपेरा हाउसपाशी आपली संगीतशाळा उघडली. कुमार गंधर्व तेथेच घडले. ह्याच देवधरांनी स्क्रिंझी नावाच्या युरोपीय संगीतज्ञाजवळ पाश्चात्य संगीताचाही पद्धतशीर अभ्यास केला होता. परक्या संगीताने आपले संगीत बाटेल, हे भय ज्यांस वाटते त्यांनी देवधरांचे उदाहरण पाहावे. दोन्ही विद्या जाणणाऱ्या ह्या पुरुषाने आपल्या रागदारीची जेवढी सेवा केली, तेवढी तिच्या नुसत्या अभिमान्यांपैकी किती जणांनी केली?

२००६ साली खुश्रू सुंतूक व कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह ह्यांच्या पुढाकाराने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. आमच्या देशात व्यावसायिक पायावर उभा असलेला असा वाद्यवृंद हाच. परंतु त्यातील कायमच्या भारतीय वादकांचा गट लहान आहे. हंगामाच्या वेळी रांगा भरण्यास पुष्कळसे वादक परदेशांतून आणावे लागतात. ही उणीव ओळखूनच संस्थेने २०१२ साली मुलांसाठी संगीतशाळा सुरू केली. उपक्रम स्तुत्य आहे. पण दीड-दोन कोटी वस्तीच्या ह्या शहरास एक शाळा कितीशी पुरणार?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्या शहराने चौहान घडविले तेथेही ह्या पायऱ्या आता डळमळू लागल्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने आपली तिजोरी रिकामी झाल्याचे जाहीर केले, आणि पुढील वर्षी तेथील मुख्य वाद्यवृंद व ऑपेरा कंपनी ह्यांसारख्या संस्थांचे अनुदान प्रथम निम्मे व मग संपूर्ण बंद करण्याचे ठरविले. तेव्हा हे केवळ सरकारावर सोपविण्याचे काम नव्हे. सरकारी तिजोरीबरोबर जी विद्या येते ती तिजोरीबरोबर जाऊही शकते. ती टिकावयाची तर घरांनी तिची गरज मानली पाहिजे.

आणि आमच्या घरांची स्थिती काय आहे? पूर्वी मुलगी दाखविताना पेटीवर एखादे पद म्हणवून घेत. लग्नानंतर ती पेटी माळ्यावर जाई. आता परीक्षांची प्रमाणपत्रे भिंतीवर टांगतात, आणि दहावीचे वर्ष आले की वाद्य तेवढ्याच तत्परतेने माळ्यावर जाते. संगीत हा अलंकार असावा, व्यवसाय असू नये, असा आमचा अलिखित नियम आहे. मुलाने संगीतावर पोट भरण्याची इच्छा दर्शविली तर प्रथम पित्यास चिंता पडते. ती चिंता खोटी नाही. कलेचा संसार अस्थिर असतो, आणि चौथऱ्यापर्यंत पोहोचणारे शेकड्यास एक नव्हेत, हजारांत एक. पण रांगेत बसणारे ऐंशी असतात, हे आम्ही विसरतो. चांगला चेलोवादक, चांगला शिक्षक, चांगला संयोजक ह्यांवरही घर चालते. शिवाय जो मुलगा पुढे हिशेबनीस वा वकील होईल, त्यासही दहा वर्षे वाद्यवृंदात बसल्याने शेजाऱ्याचा स्वर ऐकून आपला स्वर लावण्याची, आपली पाळी नसताना गप्प राहण्याची आणि पाळी आली असता न डगमगता पुढे येण्याची जी शिकवण मिळते, ती एकत्र घरात राहणाऱ्यांस किती उपयोगी आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. आपल्या मुलांच्या शाळेच्या पालकसभेत पुस्तके, पंखे, सहली ह्यांविषयी विचारणा होते. तेथे एकदा उभे राहून विचारावे की, शाळेत वाद्ये आहेत काय, आणि ती शिकविणारा गुरुजी आठवड्यातून किती तास येतो. गिरगाव वा दादरच्या एखाद्या शाळेने आठ-दहा वाद्ये आणि एक शिक्षक एवढी तजवीज केली, आणि दहा घरांनी मिळून त्याचा भार उचलला, तर खर्च एका घरच्या थाटाच्या मुंजीपेक्षा फार जास्त होईल असे आम्हांस वाटत नाही. त्या दहा मुलांतून एखादा संचालक निपजेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण ज्या मुलाच्या हाती वाद्यच आले नाही, त्याच्या अंगी काय होते हे मात्र कोणासही कधीच कळणार नाही.